आयतं ताट

आई, तुझ्या हाताला चव नव्हती.

हे वाक्य मी आजवर कुठं कुठं बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. लग्नाच्या पंगतीत बोललो, ऑफिसात डबे उघडल्यावर बोललो, तुझ्या तोंडावरही बोललो. तू पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचीस, "नसंल चव. वाढलास ना त्याच्यावर? चौकटीला टाळकं लागतंय तुझं." आणि पान उलटायचीस. आज पहिल्यांदाच हे वाक्य मी कुणाला हसवायला लिहीत नाही. उलटून बोलायला तू नाहीस. त्यामुळं ते वाक्य जरा एकटं पडलंय, आणि मीही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली. तू शिकवलेल्या पोरी आल्या, आता त्यांनाच नातवंडं आहेत. त्या "बाई, बाई" करून तुझ्या फोटोपुढं अशा उभ्या राहिल्या, जणू गृहपाठ करायचा राहून गेलाय. देवगाव रंगारीहून तुझ्या माहेरची मंडळी जीप करून आली. त्यांतली एक लांबची भावजय पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काय चव हो वन्संच्या हाताला! त्यांच्या हातच्या पुरणपोळीची चव अजून जिभेवर हाय माझ्या."

मी मान खाली घातली. समोर भिंतीला टेकून रझिया खाला बसली होती. समोरच्या घरातली तुझी जन्माची शेजारीण, तिला काय माहीत नाही? सणाच्या पुरणपोळ्या मामीकडून एसटीनं यायच्या आणि तू त्या फक्त आपल्या डब्यात काढून ठेवायचीस, हे आख्ख्या गल्लीत तिलाच ठाऊक. खालानं ओढणी तोंडावर घेतली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं, आणि मला हसू फुटलं, आई. दाबायला गेलो तर खांदे गदागदा हलायला लागले. लोकांना वाटलं, पोरगा फुटला. एकानं पाणी आणलं, एकानं पाठीवर हात फिरवला, "मोकळा हो, दिनू, मोकळा हो." मग खरंच रडू आलं. हसू कुठं संपलं आणि रडू कुठं सुरू झालं, ते माझं मलाच कळलं नाही. सुतकातसुद्धा मला धड वागता आलं नाही, हे तुला सांगायचं होतं. तू हसली असतीस.

तुला स्वयंपाकाचा तिटकारा होता असं म्हणणं बरोबर होणार नाही. तिटकारा करायलाही थोडा वेळ द्यावा लागतो, तू तेवढाही दिला नाहीस. शाळेतून यायचीस, पर्स खुंटीला, पेपर काखेत, आणि चप्पल पायात तशीच असताना स्टोव्हला पंप मारायला लागायचीस. तुझे नियम दोन होते. भांडं एकच खराब व्हावं, आणि पेपरचं मधलं पान वाचून व्हायच्या आत जेवण उरकावं. शेजारच्या बायका दुपारपासून मसाले वाटत बसायच्या, तर तू म्हणायचीस, "पोट भरायला तास कशाला लागतो? कुस्ती खेळायचीय का त्याच्याशी?"

म्हणून मग खिचडी. म्हणून वरणफळं, म्हणजे उकळत्या वरणातच कणकेचे तुकडे सोडायचे, पोळी लाटायचा प्रश्नच मिटला. मुरमुरे भिजवून कांद्याच्या फोडणीत परतले की झाली सुशीला. मामी वर्षाचं येसर भाजून-दळून डबाभर पाठवायची, ते पाण्यात कालवून उकळलं की झाली आमटी. आणि या सगळ्यांत वरचढ पिठलं. पिठलं तू इतक्या वेळा केलंस, की धाकटी शालू लहान असताना तिला वाटायचं, जेवण या शब्दाचाच अर्थ पिवळा आहे.

भाकरी थापायचा तर तुला भारी कंटाळा. "दोन्ही हात एका कामाला गुंतवायचे? पेपर कशानं धरू मग?" आपली गल्ली गुलमंडीच्या मागं, गल्लीच्या तोंडाशी नानची भट्टी. तू मला पिशवी देऊन पिटाळायचीस. जगात लोक नानबरोबर मटणाचा कलिया खातात, आपल्या घरात नानबरोबर पिठलं. शाळेत डबा उघडला की आमच्या वर्गातले हिंदू आणि मुसलमान दोघं मिळून मला हसायचे. एवढी एकी मी नंतर फार कमी वेळा बघितली.

मामा एकदा कापसाच्या कामासाठी आले आणि जेवायला बसले. ताटातला तो ताटाएवढा नान त्यांनी बोटानं दाबून बघितला.

"हे काय गं सुमे? चामडं हाय का हे?"

"नान हाय, दादा. गरम हाय. कुणीतरी पहाटंपासून खपून भाजलाय, मी नाय. म्हणून तर गोड लागतोय."

आम्ही सगळे हसलो. मामाही हसले. त्या बोलण्यात काही होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मला कशातलंच वेळेवर कळत नाही.

आणि ते पाढे! तू गणिताची बाई. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं ते तू कधी दुरुस्तच केलं नाहीस, कारण आम्ही दोन पोरं होतो. पिठल्याला सतराचा पाढा दोनदा, सावकाश. खिचडीला एकोणीसपासून पंचविसापर्यंत. वरणफळांना नुसता तेविसाचा, पण तीनदा. आम्ही दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, तू कलथा फिरवायचीस, पाढा संपला की स्टोव्ह बंद. तुझं लहानपण निजामाच्या उर्दू शाळेत गेलं. पोलीस ॲक्शन झाली आणि तू मराठीत आलीस, पण पाढे तुझ्या डोक्यात उर्दूतच राहिले. आम्ही अडलो की तू आतून मराठी-उर्दूच्या मधल्याच कुठल्या तरी भाषेत ओरडायचीस, "सतरा अठ्ठे? अरे, एक सौ छत्तीस!"

शालू पाढे आगगाडीसारखे म्हणायची, त्या दिवशी खिचडी कचकच लागायची. मी सतरा आठेला हमखास अडायचो, त्या दिवशी पिठलं करपायचं. म्हणजे तुझ्या हाताला चव नव्हती यात निम्मा हात माझ्या गणिताचा होता. ही गोष्ट मी सांगताना एवढा भाग गाळायचो.

मी दुसऱ्यांच्या घरी जेवायच्या वेळेला "सहज" जायचो, हेही तू ओळखून होतीस. तोंड धुऊन, भांग पाडून मी कुणाच्या तरी दारात उभा राहायचो, आतून वांग्याचा वास येत असायचा, आणि मी म्हणायचो, "काही नाही काकू, इकडून चाललो होतो." घरी आलो की तू विचारायचीस, "आज कुणाकडं सहज गेलतास?" आणि मग रागावण्याऐवजी फार गंभीरपणे, "काय होतं?" मी सांगायचो. भरलं वांगं, मेथीची गोळाभाजी, ताकातली कढी. तू सगळं नीट ऐकून घ्यायचीस. "बसून जेवलास?" असंही विचारायचीस. मला वाटायचं, चौकशी चाललीय.

आता ती गोष्ट. तुला ठाऊक आहे कुठली. माझी हुकमी गोष्ट.

निवडणुकीच्या कामाला तुला सिल्लोडच्या बाजूला पाठवलं होतं. आमचे अप्पा एसटीत कामाला, त्या दिवशी मुक्कामाच्या गाडीवर. मी कॉलेजात, शालू शाळेत, आणि घरात मी कर्ता पुरुष. संध्याकाळी तू पेट्या जमा करून येणार होतीस. मला वाटलं, आज आपणच पिठलं करू. त्यात काय असतं? मामीला करताना पाहिलं होतं. ती डाळीचं पीठ कोरडंच उकळत्या पाण्यात सोडते आणि हाटते. मी आधण ठेवलं, पीठ सोडलं आणि हाटायला काही सापडेना म्हणून कलथा शोधायला गेलो. परत येईतो कढईत गोट्यांचा डाव मांडलेला. शालूनं मीठ घातलं. ते मला माहीत नव्हतं, म्हणून मीही घातलं. मग शिस्तीत सतराचा पाढा. सतरा साते म्हटलं आणि अडलो. आतून सांगायला तू नव्हतीस. मी सुरुवातीपासून म्हटला, परत तिथंच अडलो. तळाला लागल्याचा वास आला तेव्हा पाढा सोडला.

तू आलीस. साडीवर धूळ, बोटाला शाई. मी ताट वाढून ठेवलं होतं, शेजारी पाण्याचा तांब्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"भूक लागली असंल तुला म्हणून."

भिंतीला टेकलीस आणि मांडी घालून बसलीस. तू जन्मभर ओट्यापाशी उभी राहून, एका हातात पेपर धरून जेवणारी बाई. तुला अशी बसलेली पाहून मला वाटलं चक्कर आली. तू जेवायला लागलीस. गाठी तुझ्या दाताखाली सुपारीसारख्या कडाकडा फुटत होत्या, शालू कोपऱ्यात तोंड दाबून हसत होती. तू ताट पुसून खाल्लंस आणि वर बघून विचारलंस, "आणखी हाय का?"

मला वाटलं, चेष्टा करतेस. मी फुगलो. "संपलं," म्हणालो.

कढईत अर्धं होतं. ते मी समोर रझिया खालाच्या बकरीपुढं नेऊन टाकलं. बकरीनं हुंगलं, माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बास, ही गोष्ट. चाळीस वर्षं मी ती सांगत आलो. बकरीचा चेहरा करून दाखवायचो. शेवटचं वाक्य ठरलेलं, "आमच्या आईच्या हाताला चव नाही याचं कारण मला त्या दिवशी कळलं. तिला जीभच नाही!" लोक लोटपोट व्हायचे. मला मुलगी सांगून आली, तिच्या माणसांसमोरही मी ती सांगितली. तू सुशीला केली होतीस आणि ते लोक ती चमच्यानं इकडून तिकडं सरकवत होते, तर जरा हसवावं म्हणून. ते हसले, चहा प्यायले आणि गेले ते गेलेच. पुढं असं आणखी दोन-तीनदा झालं. मग माझं लग्न राहिलंच. तू एकदा म्हणालीस, "दिनू, ती बकरी तुला लई महागात पडली."

मी रिटायर झालो आणि स्वयंपाकघर माझ्याकडं आलं. कुणी दिलं नाही, तुझे गुडघे गेले म्हणून आलं. तू दारात खुर्ची टाकून पेपर घेऊन बसायचीस, मी आत. पदार्थ तुझेच, नियम तुझेच, फक्त हात माझे. आणि रोजचं भांडण. मी म्हणायचो, पिठलं म्हणजे हाटलेलंच, गाठी न होऊ देणं हीच तर कला. तू म्हणायचीस, "कला कशाला करायची? गार पाण्यात आधी कालव, गाठी व्हायचा सवालच नाय." मी म्हणायचो, ते पिठलं नव्हे, ती शाळेतली खळ. तू म्हणायचीस, "मग चिकटव तोंड आणि पाढा म्हण." रोज. हे भांडण मिटवायची आपल्याला घाईच नव्हती.

मी काहीही पुढं ठेवलं तरी तू म्हणायचीस, "चांगलं झालंय." करपलेलं, अळणी, पचपचीत, सगळ्याला तेच. तुझ्या "चांगलं झालंय" वर माझा कधी विश्वास बसला नाही. त्या शेवटच्या दुपारी खिचडी होती. तू म्हणालीस, "आज चांगली झालीय रे." मी म्हणालो, "कालची वाईट होती तेव्हाही हेच म्हणालीस." तू हसलीस, चमचा चाटलास, पेपर मागितलास. मी भांडी घासून बाहेर आलो तर पेपर छातीवर होता आणि चष्मा तसाच डोळ्यांवर. मला वाटलं, डुलकी लागली. उठल्यावर चहा टाकू म्हणून मी आधणाला पाणीही मोजून ठेवलं. दोन कप.

दहाव्याला कावळ्यानं फार वाट पाहायला लावली नाही. तुझ्यासारखीच त्यालाही घाई असावी. खरा घोळ तेरवीचा झाला. गेलेल्या माणसाच्या नावानं एक पान वाढायचं आणि त्यात त्याच्या आवडीचा पदार्थ ठेवायचा, ही आपल्याकडची रीत. शालू सिल्लोडहून येऊन राहिलीच होती. ती म्हणाली, "आचाऱ्याला सांगितलंय मी. पुरणपोळी, येसराची आमटी, भजे. आईच्या पानात पुरणपोळी ठेवू."

"पुरणपोळी? शाले, आई पुरणाला दिवसभराची सक्तमजुरी म्हणायची."

"करायला म्हणायची. खायला कुठं म्हणत होती?"

"पण आवडायची का तिला?"

"मग तू सांग ना काय आवडायचं. तू राहिलास तिच्यापाशी. मी तर सणावारी येणारी."

मी तोंड उघडलं आणि आई, आत काहीच नव्हतं. तू पिठलं करायचीस ते लवकर होतं म्हणून. खिचडी, भांडं एक लागतं म्हणून. पण तुला काय आवडायचं? सगळा जन्म ज्या बाईच्या स्वयंपाकावर मी लोकांना हसवलं, तिला खायला काय आवडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. शालू माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "जाऊ दे दादा. पुरणपोळीच ठेवू. सगळे तीच ठेवतात."

ते "सगळे" मला लागलं. तू सगळ्यांसारखी कधी होतीस? उद्या तुझ्या पानात परक्या बाईची आवड वाढली जाणार, सगळे हात जोडणार, आणि ते खोटं आहे हे कळणारा एकटा मी असणार. आणि खरं काय, ते मलाही माहीत नाही.

मी समोर गेलो. रझिया खाला पायरीवर बसून सुपारी कातरत होती. तू सकाळी तिला मराठी पेपर वाचून दाखवायचीस आणि ती तुला उर्दू, तीच पायरी. तुझी जागा तिनं मोकळी ठेवली होती. मी त्या जागेवर बसलो नाही, खाली बसलो.

"खाला, आईला खायला काय आवडायचं?"

"कायकू पूछ रा?"

"उद्या पानात वाढायचंय. मला माहीत नाही."

"इत्ते सालाँ एक घर में रहा, मालूम नइं तेरेकू?"

"नइं."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण तिनं अडकित्ता खाली ठेवला. "दूसरे के हात का," म्हणाली. "बस."

"म्हणजे? खीर? शेवया?"

"अरे, कुछ बी! मैं शीरखुर्मा भेजी तो वो खाई, सादी दाल भेजी तो वो बी खाई. पूछती थी, रझिया, मेरे वास्ते बनाई क्या? मैं बोली हौ, तो बैठ के खाती थी, आराम से. खुद का पकाया सो कब्बी बैठ के खाई? देखा तू?"

मी पायरीवर सांडलेले सुपारीचे तुकडे गोळा करायला लागलो.

"वो इलेक्शन के टाइम तू बेसन पकाया था ना..."

"ते गाठींचं? तुमच्या बकरीनं तोंड लावलं नव्हतं ते?"

"कौनसे गाठी?" खाला माझ्याकडं बघायला लागली. "दूसरे दिन बाई यां बैठी, इसी जगे पे. बोली, रझिया, काल घरी गेले तर माझ्या दिनूनं ताट वाढून ठेवलेलं. पाण्याचा तांब्यासुद्धा भरून. मला नुसतं बसायचं होतं. और उसके बाद हर इलेक्शन को ये किस्सा सुनाई मेरेकू. हर इलेक्शन को! मैं थक गई सुन सुन के." तिनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "उसके किस्से में गाठी नइं थे रे, बेटा."

आई, गोष्ट एकच होती. मी ती सगळीकडं सांगत होतो आणि तू एका पायरीवर सांगत होतीस. माझ्या गोष्टीत गाठी होत्या, दुप्पट मीठ होतं, बकरी होती. तुझ्या गोष्टीत ताट होतं आणि तांब्या. मी मात्र समजत होतो, आमच्या दोघांत गोष्टी सांगणारा मी आहे.

तेरवीच्या सकाळी मागच्या अंगणात आचाऱ्याची चूल पेटली होती, पुरणाचा वास गल्लीभर. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. डाळीचं पीठ काढलं. आधी गार पाण्यात कालवलं. हो, गार पाण्यात. तू जिंकलीस. भांडायला कुणी उरलं नाही म्हणून हरलो असं समजू नकोस, खरंच एकही गाठ झाली नाही. मग झाकण ठेवून सतराचा पाढा म्हणायला लागलो, मोठ्यानं, या वयाचा माणूस, एकटा. सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे...

दाराकडं बघितलं. खुर्ची होती.

उत्तर मला येत होतं, आई. गेली कित्येक वर्षं येत होतं. तू ओरडावंस म्हणून मी अडायचो. शेवटी मीच म्हटलं, "एक सौ छत्तीस," तुझ्यासारखं, आणि गॅस बंद केला. जरासं तळाला लागलंच.

भट्टीवरून नान आणला. भट्टी आता जुन्या भट्टीवाल्याच्या नातवाकडं आहे. तुझ्या पानात पिठलं वाढलं, शेजारी नान, बाजूला तांब्या भरून ठेवला. देवगावच्या भावजयीनं विचारलं, "हे हो काय?" शालू आली, तिनं वाटीत पाहिलं, मग माझ्याकडं.

"दादा, गाठी?"

"नाहीत."

तिनं एकदम नाक ओढलं. पुरणपोळी पानातून काढली नाही, तेवढी ती संसारी आहे. पण ती कडेला सरकवली आणि पिठल्याची वाटी मधोमध ठेवली.

माणसं गेली. शालूही काल गेली. जाताना म्हणाली, डबा लाव, नाहीतर माझ्याकडं ये. बघतो म्हणालो. आज दुपारी पिठलं केलं आणि कढईतूनच, ओट्यापाशी उभं राहून खायला लागलो, दुसऱ्या हातात पेपर. दोन घास गेल्यावर लक्षात आलं. तुझ्यासारखाच उभा होतो, अगदी तुझ्या जागेवर, एक पाय दुसऱ्यावर टेकवून. तू जन्मभर असं का जेवलीस ते कळलं. वाढणारं कुणी नसलं की माणूस बसत नाही, एवढंच आहे ते. मला वाटायचं तुला घाई असते.

पेपर ठेवला. ताट घेतलं, वाढलं, तांब्या भरला. भिंतीला टेकून मांडी घातली. गुडघे कुरकुरले. घर एवढं शांत, की माझं चावणं मलाच ऐकू येत होतं. गाठी नाहीत, तरी ऐकू येत होतं. पिठलं कसं झालं ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणालो, "चांगलं झालंय."

मापानं मला पुन्हा दगा दिलाय. कढईत अर्धं उरलंय. खालाची बकरी जाऊन जमाना झाला, आणि या खेपेला मी ते कुठं टाकणार नाही. झाकून ठेवलंय.

तू मला विचारलं होतंस, आई, आणि मी खोटं सांगितलं होतं.

हाय. आणखी हाय. तू बस.